फेरिटिन चौदाशे, लोह जेमतेम: पुण्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

रुग्ण ४१ वर्षांचे गृहस्थ. राहायला बिबवेवाडीत, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात. दारू नाही, मधुमेह नाही, सोनोग्राफीत यकृतावर किंचित चरबी. त्यांचं फेरिटिन, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण, पहिल्यांदा तपासलं गेलं ते एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्या दिवसांत पुण्यात ज्यांच्या घरी कुणी आजारी पडलं त्यांना सीआरपी, डी-डायमर आणि फेरिटिन हे तीन शब्द पाठ झाले होते. ह्यांचं फेरिटिन आलं १४६०. प्रौढ पुरुषात ते साधारण ३०० ते ४०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असतं. अंगात दाह असला की फेरिटिन चढतंच, त्यामुळे तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं.

तीन महिन्यांनी सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, उतरला. फेरिटिन उतरलं नाही: १३९०. पुढच्या वर्षी कंपनीच्या आरोग्य तपासणीत १४२०. आता कारण शोधणं भाग होतं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, ही समजूत डॉक्टरांपासून पेशंटपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. साठा एवढा वाढला तर यकृत, हृदय, स्वादुपिंड धोक्यात येतात. म्हणून त्यांना दर आठवड्याला साडेचारशे मिलिलिटर रक्त काढून टाकायचा सल्ला मिळाला. लोहाचा अतिरेक खरोखरच असतो तेव्हा हाच सर्वांत जुना आणि चांगला उपचार आहे.

पाचव्या वेळेनंतर हिमोग्लोबिन १४.१ वरून १०.२ वर आलं. जिना चढताना धाप लागायला लागली. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन कितपत भरलेलं आहे त्याचं प्रमाण, आधी २४ टक्के होतं ते ८ वर आलं. आणि फेरिटिन? १३५०.

ह्या टप्प्यावर माझा एक रक्तविकारतज्ज्ञ मित्र त्यांची फाईल घेऊन आमच्याकडे आला. "फेरिटिन साडेतेराशे आणि सॅच्युरेशन आठ. एकाच माणसाचं, एकाच दिवशी, एकाच नळीतलं रक्त. अरे, तू दिवसभर हेच करतोस ना?" मी आरएनए आणि प्रथिननिर्मितीच्या नियंत्रणावर काम करतो. पेशीत एखाद्या जनुकाची नक्कल, म्हणजे एमआरएनए, तयार पडलेली असते, तरी तिच्यावरून प्रथिन बनवायचं की नाही हे पेशी वेगळं ठरवते. ते कसं, हा आमच्या प्रयोगशाळेचा विषय. फेरिटिन हे त्या विषयातलं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण बिबवेवाडीहून पीएमटीने येईल असं मात्र वाटलं नव्हतं. पुढचं सगळं कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

आधी हिशेब

साडेचारशे मिलिलिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. पाच वेळा म्हणजे एक ग्रॅमच्या जरा वर. धडधाकट पुरुषाच्या अंगातला राखीव साठा साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून थोडा कमी असतो. ह्या गृहस्थांचा साठा पाचव्या वेळेला संपला, म्हणजे तो मुळात चार लोकांसारखाच होता.

आता दुसरी बाजू पाहा. रक्तात मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅम फेरिटिन म्हणजे साठ्यातलं आठ ते दहा मिलिग्रॅम लोह, असा एक ढोबळ आडाखा आहे. त्या आडाख्याने १४०० फेरिटिनच्या माणसाकडे अकरा ग्रॅमच्या वर लोह हवं. निघालं एक ग्रॅम. एवढी तफावत तपासणीतल्या चुकीने पडत नाही. तरी मित्राने दुसऱ्या लॅबमधून, दुसऱ्या पद्धतीने फेरिटिन पुन्हा करून घेतलं होतं. आकडा तोच.

यकृताच्या एमआरआयमध्ये लोह दिसलं नाही. प्लीहेतही नाही. प्लीहेचं महत्त्व अशासाठी की फेरोपोर्टिनचा, म्हणजे पेशीतून लोह बाहेर सोडणाऱ्या प्रथिनाचा, एक आनुवंशिक विकार असाच वागतो: फेरिटिन जास्त, सॅच्युरेशन कमी, रक्त काढलेलं सोसत नाही. पण त्यात प्लीहेत आणि यकृतातल्या भक्षक पेशींत लोह अडकलेलं दिसतं. इथे दोन्ही अवयव स्वच्छ. हिमोक्रोमॅटोसिसचा, म्हणजे अंगात लोह साठत जाण्याच्या आनुवंशिक आजाराचा, युरोपात सर्रास आढळणारा सी-२८२-वाय हा बदल भारतीयांत जवळपास नसतोच. तोही तपासलेला होता, नव्हता.

मला सगळ्यात बोलका वाटला तो रक्त काढल्यानंतरचा रिपोर्ट. लोह संपलं तरी फेरिटिन हललं नाही, हा त्या माणसावर नकळत झालेला प्रयोगच होता. असाच प्रयोग उलट दिशेने, उंदरांवर, १९७६ मध्ये हॅमिश मन्रो यांच्या गटाने प्रसिद्ध केला होता. त्सेहरिंगर, बाळिगा आणि मन्रो यांचा तो शोधनिबंध. उंदरांना लोह दिलं की यकृतात फेरिटिन भराभर बनायला लागतं. नवीन एमआरएनए तयार होणं औषधाने बंद केलं तरीही बनतं. कारण फेरिटिनचा एमआरएनए पेशीत आधीपासून असतो, नुसता पडून असतो. लोह आलं की तो रायबोसोमवर, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या यंत्रावर, चढतो. म्हणजे लोहाचा हुकूम जनुकापर्यंत जातच नाही, तयार आरएनएवरच बजावला जातो.

ह्या नियमाप्रमाणे लोह संपलेल्या माणसात फेरिटिनचा एमआरएनए रायबोसोमवरून उतरायला हवा होता. ह्यांच्यात तो उतरत नव्हता.

कडी

फेरिटिनच्या एमआरएनएवर, प्रथिनाचा मजकूर सुरू व्हायच्या बराच आधी, तीसेक अक्षरांचा (आरएनएची अक्षरं चार: ए, सी, जी, यू) एक तुकडा स्वतःवरच दुमडून केसाच्या पिनेसारखा उभा राहतो. त्याला आयआरई म्हणतात, लोहाला प्रतिसाद देणारा घटक. १९८७ मध्ये तो ओळखला गेला. पिनेच्या टोकाशी सहा अक्षरांचा फास असतो, त्यातली पहिली पाच सी-ए-जी-यू-जी. माणसात, उंदरात, बेडकात ती तशीच्या तशी आहेत. खाली दांड्यात एक सी बाहेर डोकावतो. फास आणि डोकावणारा सी, दोन्ही जागच्या जागी असले तरच आयआरपी नावाची प्रथिनं ह्या पिनेला घट्ट धरतात.

आयआरपीने पीन धरली की दाराला कडी लागते. रायबोसोमचा लहान भाग एमआरएनएच्या टोकाशी येतो तो तिथेच अडतो, आत शिरत नाही. ही कडी टोकाच्या अगदी जवळ असावी लागते. प्रयोगात ती साठेक अक्षरं पलीकडे सरकवली की अडवणूक सैल पडते.

आयआरपी दोन आहेत, आणि लोह ओळखायची दोघांची रीत वेगळी आहे. पहिल्याची गंमत अशी की पेशीत लोह मुबलक असताना तो आरएनए धरतच नाही. त्याच्या पोटात लोह आणि गंधकाचा एक पुंजका बसतो आणि तो चक्क एक विकर होतो, अकोनिटेज. लोह घटलं की पुंजका सुटतो आणि तेच प्रथिन आरएनए धरायला मोकळं होतं. एकच प्रथिन, दोन नोकऱ्या, आणि कुठली करायची ते लोह ठरवतं. इतकी वर्षं ह्यात काम करूनही मला ह्याचं अप्रूप वाटतं. दुसरा आयआरपी लोह भरपूर असताना मोडून टाकला जातो. परिणाम दोघांचा सारखाच: लोह कमी तेव्हा कडी लागलेली, लोह जास्त तेव्हा उघडी.

ह्याच आयआरपी ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीत लोह ओढून घेणाऱ्या प्रथिनाच्या, एमआरएनएलाही धरतात, पण शेपटीकडून, आणि तिथे त्यांचं काम त्या एमआरएनएला तुटण्यापासून वाचवणं हे असतं. म्हणून लोह कमी झालं की पेशी साठवणीचं प्रथिन थांबवते आणि लोह ओढून घेणारं प्रथिन वाढवते. आम्ही मित्राला रक्तातला विद्राव्य ट्रान्सफेरिन रिसेप्टर तपासायला सांगितलं. तो वाढलेला आला. ह्या एका रिपोर्टने शोध बराच अरुंद झाला. रिसेप्टरच्या बाजूने सगळं बरोबर चाललं होतं, म्हणजे आयआरपींना लोह कमी असल्याचं कळत होतं आणि त्या कामावर होत्या. बिघाड असेल तर तो फेरिटिनच्या एमआरएनएवर, त्या पिनेतच असणार.

डोळ्यांची पिशवी

अशा बिघाडाचा एक आजार १९९५ पासून माहीत आहे. इटलीतल्या आणि फ्रान्समधल्या कुटुंबांत तो त्या वर्षी वर्णन केला गेला: वारशाने येणारं वाढीव फेरिटिन आणि त्यासोबत लहान वयातला मोतीबिंदू. लोहाचा अतिरेक अजिबात नाही. तेव्हा पुढचा प्रश्न रक्ताचा नव्हता.

मित्र आणि मी त्यांच्या घरी गेलो. गृहस्थांच्या आई, वय ६७, खुर्चीत बसून आमचं बोलणं ऐकत होत्या. मी विचारलं, "काकू, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं?"

"चव्वेचाळिसाव्या वर्षी. दोन्ही डोळे. आमच्याकडे डोळे लवकरच जातात. माझ्या आईला तर त्याच्याही आधी दिसेनासं झालं होतं. साताऱ्याच्या माझ्या भावाचंही झालंय."

गृहस्थ म्हणाले, "रात्री चाकणहून येताना समोरच्या गाडीचा लाईट डोळ्यांत फुटतो. मला वाटायचं हायवेच तसला आहे." मग ते आत जाऊन आणखी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. रक्ताच्या रिपोर्टांची पिशवी वेगळी, डोळ्यांची वेगळी. डोळ्यांच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीचा कागद होता: दोन्ही भिंगांत बारीक पांढुरके ठिपके, सध्या शस्त्रक्रिया नको. नेत्रतज्ज्ञाने फेरिटिन पाहिलेलं नव्हतं, फेरिटिन पाहणाऱ्यांनी भिंग पाहिलेलं नव्हतं. ह्यात कुणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पेशंट स्वतःच दोन पिशव्या सांभाळतो, आणि त्या एकत्र उघडायला त्याला कुणी सांगत नाही. पण असं वाढलेलं फेरिटिन समोर आलं आणि सॅच्युरेशन नॉर्मल असेल, तर "घरात कुणाचा मोतीबिंदू लवकर झाला होता का?" हा एक प्रश्न विचारायला काही खर्च येत नाही. ह्या घरात तो विचारला असता तर पाच पिशव्या रक्त वाचलं असतं.

काकूंच्या आई, काकू, त्यांचे भाऊ, मुलगा. तीन पिढ्या, बायका आणि पुरुष दोघंही, एकही पिढी न वगळता. दोन प्रतींपैकी एकच बिघडली तरी पुरे, असा हा वारसा. प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी.

चाळीसावं अक्षर

फाईलमध्ये जनुकांचा एक महागडा रिपोर्टही होता, एक्झोमचा. निष्कर्ष: लक्षणांशी संबंधित बदल आढळला नाही. कुटुंबाने तो वाचून जनुकांचा विषय मिटला असं धरलं होतं. पण एक्झोममध्ये मुख्यतः प्रथिनाचा मजकूर असलेले भाग वाचले जातात. मजकुराच्या आधीचा, प्रथिनात न उतरणारा भाग बऱ्याचदा वाचलाच जात नाही, किंवा वाचला तरी रिपोर्टात येत नाही. कुठला भाग वाचलेला नाही हे अशा रिपोर्टच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. "आढळलं नाही" आणि "पाहिलं नाही" ह्यांत पेशंटच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फेरिटिनचे दोन प्रकारचे दुवे असतात, जड आणि हलका, आणि असे २४ दुवे मिळून एक पोकळ गोळा होतो. त्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. हलक्या दुव्याचं जनुक १९ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या पहिल्या भागाचं साधं, जुन्या पद्धतीचं सँगर सिक्वेन्सिंग करून घेतलं. खर्च एक्झोमच्या मानाने किरकोळ.

संगणकावर आलेख उघडला. चारही अक्षरांचे चार रंग, एकामागोमाग एक सुबक शिखरं. चाळीसाव्या जागी एकाऐवजी दोन शिखरं, एकावर एक: हिरवं ए आणि काळं जी, दोन्ही शेजारच्यांच्या निम्म्या उंचीची. एका प्रतीत ए, दुसरीत जी. जागा फासातल्या सी-ए-जी-यू-जी मधल्या दुसऱ्या अक्षराची. प्रथिनाचा मजकूर सुरू व्हायला तिथून आणखी १६० अक्षरं असतात. १९९५ च्या फ्रेंच कुटुंबातही नेमका हाच बदल होता. त्यासाठी दोन्ही घराण्यांचं काही नातं असायची गरज नाही. काकूंच्या रक्तातही तीच दोन शिखरं निघाली.

मित्राचं काम इथे झालं होतं. आम्ही मात्र त्या आरएनएला कडी लागते की नाही हे डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. नेहमीच्या अक्षरांचा एक आणि ह्या कुटुंबाच्या अक्षरांचा एक, असे दोन छोटे आरएनए नळीत बनवले, त्यांना चमकणारी खूण लावली, तापवून हळूहळू थंड होऊ दिलं म्हणजे पीन नीट दुमडते. यकृताच्या पेशींना आधी त्यांच्यातलं लोह काढून घेणारं औषध देऊन ठेवलं होतं, म्हणजे त्यांच्यातल्या आयआरपी आरएनए धरायच्या तयारीत असतात. त्या पेशींचा अर्क दोन्ही आरएनएमध्ये मिसळला आणि थंडाव्यात जेल चालवलं, म्हणजे जेलीसारख्या थरातून विजेच्या जोरावर रेणू सरकू दिले. मोकळा आरएनए जेलमधून झरझर खाली उतरतो, प्रथिनाने धरलेला जड होऊन वर रेंगाळतो. नेहमीच्या आरएनएच्या रांगांत अर्क वाढवला तसा वरचा पट्टा दाट होत गेला आणि खालचा विरत गेला. कुटुंबाच्या आरएनएच्या रांगांत सगळं खालीच. सर्वांत जास्त अर्काच्या रांगेत वर एक फिकट सावली, तेवढीच. उलटतपासणीही केली: खूण न लावलेला नेहमीचा आरएनए भरपूर टाकला की वरचा पट्टा नाहीसा होतो, कारण तो आयआरपी पळवतो. कुटुंबाचा तसाच टाकला तर पट्टा जागच्या जागी राहतो.

ह्या फेरिटिन प्रथिनात एकही अमिनो आम्ल बदललेलं नाही. प्रथिन शंभर टक्के निर्दोष आहे. ते किती बनवायचं ह्यावरचं नियंत्रण तेवढं गेलं आहे. लोह असो वा नसो, हलक्या दुव्याचे गोळे बनत राहतात. लोहाला आत घेण्याआधी त्याचं रूप बदलायचं काम जड दुव्याचं, आणि त्याच्या एमआरएनएवरची कडी शाबूत आहे. म्हणून हे जादा गोळे बहुतेक रिकामे असतात. यकृताला, हृदयाला त्यांचा त्रास नाही. डोळ्याच्या भिंगात मात्र ते साचतात, त्यांचे बारीक स्फटिक होतात, आणि प्रकाश विखुरतो.

रक्त काढणं लगेच थांबलं. गृहस्थांना काही महिने लोह द्यावं लागलं, हिमोग्लोबिन पुन्हा १४ च्या जवळ आलं. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. कृत्रिम भिंगात हा आजार पुन्हा होत नाही.

मुलगी

ह्या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग शेवटी निघाला. त्यांची मुलगी १३ वर्षांची. वडिलांचं ऐकून तिच्या आईने तिचंही फेरिटिन करून घेतलं होतं: ११२०. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आईने त्याच दिवशी बंद केली. पालेभाज्या, खजूर, गूळ, सगळं ताटातून काढलं. आईच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

मुलगी दमते, अभ्यासात लक्ष लागत नाही, अशी तक्रार होती. हिमोग्लोबिन १०.४, तांबड्या पेशी लहान आणि फिकट, सॅच्युरेशन ७ टक्के. आपल्याकडे अशा वेळी थॅलेसीमियाचा वाहक नाही ना हे पाहावंच लागतं. ते पाहिलं, नव्हता. साधी, सरळ लोहाची कमतरता. तिच्या वयाच्या मुलींत सर्रास आढळणारी, आणि फेरिटिनच्या आकड्यामागे पूर्ण झाकली गेलेली. चाळीसाव्या जागी तिच्याही आलेखात दोन शिखरं होती.

तिच्या आईला समजावणं हे जेल चालवण्यापेक्षा अवघड होतं. "अकराशे फेरिटिनवर लोहाची गोळी? दादा, तुम्ही लिहून द्याल का?" त्यांनी मला विचारलं. मी डॉक्टर नाही. लिहून मित्राने दिलं. मी एका कागदावर पीन काढली, कडी काढली, आणि तुमच्या मुलीच्या अंगात हा आकडा लोह मोजत नाही, ह्या आरएनएचं वाचन किती चाललंय ते सांगतो, असं म्हटलं. त्या कागदाकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे काटा अडकलाय, टाकी रिकामी आहे." ह्याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.३, सॅच्युरेशन २२. फेरिटिन ११५०, जवळपास होतं तिथेच. लोहाचा अंदाज ह्यापुढे हिमोग्लोबिन, पेशींचा आकार आणि सॅच्युरेशनवरून घ्यावा, फेरिटिनवरून रक्त काढू नये आणि लोहही थांबवू नये, असं मित्राने दोघांच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून सही केली आहे. डोळे वर्षातून एकदा. साताऱ्याच्या मामांना दोन मुलं आहेत, एकाला रात्री गाडी चालवताना त्रास होतो. त्यांचे नमुने अजून यायचे आहेत.